खाली करायची गाडी आधी भरून मोजा

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: श्टुटगार्टजवळ राहतो. घरी बायको, सात आणि अकरा वर्षांच्या दोन मुली. गाडी २०१६ची स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी (स्टेशन वॅगन), १.४ टीएसआय (पेट्रोल), १५० पीएस (अश्वशक्ती), फ्रंट व्हील ड्राइव्ह, १ लाख १८ हजार किलोमीटर चाललेली. महामार्गावर लांबट उंचवट्यावरून गेली की हेलकावे खाते, वळणावर कलते. शिवाय मागच्या चाकावरची रिकामी जागा डोळ्यांना खुपते. जाहिरात पाहून ९० युरोंना ३५ मिमी खाली करणाऱ्या वापरलेल्या स्प्रिंगा आणल्या आहेत, २.० टीडीआय (डिझेल) लिफ्टबॅकमधून, म्हणजे उतरत्या पाठीच्या ऑक्टाव्हियातून काढलेल्या. शॉकअप तेच ठेवून फक्त स्प्रिंगा बदलाव्यात असा विचार आहे. बायकोचं म्हणणं, गाडी दगडासारखी होईल, धाकटीला आधीच गाडी लागते ती आणखी लागेल, आणि इमारतीच्या तळघरातल्या रॅम्पवर पोट घासेल. उन्हाळ्यात टपावर बॉक्स आणि मागच्या टोइंग हुकवर सायकली लावून क्रोएशियाला जातो. कोणाचं ऐकू?

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकाच दावणीला बांधल्या आहेत. गाडी डुलते ही एक आणि गाडी उंच दिसते ही दुसरी. दोन्हींवर एकच औषध चालेल हे तुम्ही गृहीत धरलंत, आणि इथेच मला थांबावंसं वाटतं.

डुलण्याचं आधी बघू. गाडीचं वजन पेलणं स्प्रिंगचं काम, आणि दाबलेली स्प्रिंग उसळली की तिला आवरणं शॉकअपचं. लांब उंचवट्यानंतर गाडी एकदा खाली-वर होऊन थांबायला हवी. दोन-तीन हेलकावे घेत असेल तर दोष उंचीचा नाही, शॉकअपमधल्या झिजलेल्या वाल्व्हचा आणि थकलेल्या तेलाचा आहे. १ लाख १८ हजार किलोमीटरला हे अगदी अपेक्षित आहे. कोपरा हाताने दाबून सोडण्याच्या चाचणीवर फार विसंबू नका, पूर्ण मेलेला शॉकअपच त्यात पकडला जातो. त्यापेक्षा शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओलावा आहे का बघा, टायरच्या कडेवरून तळवा फिरवून चढउतार लागतात का बघा, किंवा एडीएसीच्या (जर्मन वाहनचालक संघटनेच्या) तपासणी केंद्रात शॉकअपची चाचणी करून घ्या. त्याहीआधी टायरमधली हवा. गाडी भरलेली असताना मागच्या टायरला जास्त हवा लागते आणि तो आकडा इंधनाच्या झाकणाच्या आत छापलेला असतो. कित्येक ‘डुलणाऱ्या’ गाड्या तिथेच बऱ्या होतात.

आता अशा शॉकअपवर अधिक कडक आणि आखूड स्प्रिंग बसवली तर काय होईल? कडक स्प्रिंग जास्त जोराने उसळते, म्हणजे आवरणाऱ्यावर जास्त भार, आणि आवरणारा आधीच थकलेला. वर ३५ मिमी खाली आल्यामुळे पिस्टन रोजचं काम नळीच्या खालच्या भागात करणार. दाबायला जागा कमी, त्यामुळे गाडी वारंवार बंपस्टॉपवर, म्हणजे चाल शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आपटणार. लोक ज्याला ‘स्प्रिंगा फार कडक आहेत’ म्हणतात तो धक्का बहुतेक वेळा स्प्रिंगचा नसतोच, रबरी बंपस्टॉपचा असतो.

वळणावर कलणंही नुसतं खाली केल्याने कमी होईल असं नाही. पुढच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाच्या) रचनेत गाडी ३० मिमी उतरली की वजनाचा मध्य तेवढाच उतरतो, पण रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो, त्याहून जास्त उतरतो. दोघांतलं अंतर ही कलवणाऱ्या जोराची तरफ आहे आणि ती उलट लांब होते. कल कमी झालेला जाणवतो तो स्प्रिंगच्या वाढलेल्या कडकपणामुळे. उंची हे तिथे बहुतांशी सोबत आलेलं दिसणं आहे.

धाकटीच्या गाडी लागण्याबद्दल वहिनींची काळजी समजण्यासारखी आहे, मळमळीचं कारण मात्र वेगळं आहे. मळमळ सर्वांत जास्त होते ती सेकंदाला सुमारे ०.२ आवर्तनं, म्हणजे पाच सेकंदांत एक अशा संथ हालचालींनी. गाडीचं अंग स्प्रिंगवर सेकंदाला एक-दीड वेळा हलतं. स्प्रिंग जरा कडक झाल्याने मळमळ वाढत नाही आणि बरीही होत नाही. घाटातली वळणं, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांतून येणाऱ्या संथ ढकलाढकलीचा वाटा मोठा असतो, म्हणून इलाज बराचसा चालवणाऱ्याच्या पायात आहे आणि थोडा मुलीला समोरचा रस्ता दिसेल अशा जागी बसवण्यात.

तुमच्या हातातल्या स्प्रिंगांबद्दल सरळ सांगतो, त्या बसवू नका. ज्या गाडीतून त्या काढल्या ती डिझेल, म्हणजे नाकाला तुमच्या १.४ पेट्रोलपेक्षा बरीच जड. तिच्या पुढच्या स्प्रिंगा तुमच्या हलक्या इंजिनाखाली पुरेशा दबणार नाहीत, नाक वर राहील. मागच्या स्प्रिंगा लिफ्टबॅकच्या, तुमची कॉम्बी मागे जड आणि त्यात ६१० लिटरची डिकी, म्हणजे शेपूट बसणार. नाक वर, बूड खाली. जर्मन गॅरेजांत या अवस्थेला जो शब्द आहे तो छापण्यासारखा नाही, पण अचूक आहे. स्प्रिंगा मुळात गाडीच्या नावावर निवडतच नाहीत, ॲक्सलवरच्या वजनावर निवडतात. तुमच्या नोंदणीच्या कागदावर रकाना ८.१ आणि ८.२ मध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा अनुमत भार आहे. स्प्रिंगच्या टाइलेगुटाख्टेनमध्ये, म्हणजे सुट्या भागासोबतच्या तांत्रिक प्रमाणपत्रात, जो कमाल भार लिहिलेला असतो तो या आकड्यांइतका किंवा जास्त हवा. जाहिरातीतल्या स्प्रिंगसोबत तो कागद नसेल, किंवा स्प्रिंगच्या वेढ्यावर छापलेला क्रमांक खरवडून गेला असेल, तर टीयूव्ही या वाहन-तपासणी संस्थेचा अभियंता तुम्हाला दारातूनच परत पाठवेल, आणि त्याचं बरोबर असेल.

आता उंचीचा खरा प्रश्न. तुम्ही ज्या फोटोंकडे पाहून ३५ मिमी ठरवलेत ते सगळे रिकाम्या गाड्यांचे असणार. तुमची गाडी ज्या दिवशी अडचणीत येईल त्या दिवशी ती भरलेली असेल. म्हणून एक शनिवार काढा. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांना मोजून लिहा. मग क्रोएशियाला निघाल्यासारखी गाडी भरा: मुली मागे, डिकीत बॅगा, टपावर बॉक्स, हुकवर सायकली. पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ओझ्याने घेतलेली उंची.

हा फरक अंदाजापेक्षा जास्त निघतो, आणि सायकली त्यात गुपचूप भर घालतात. कॅरियरसकट ७० किलो धरा, मागच्या ॲक्सलच्या १.१ मीटर मागे. चाकांमधलं अंतर सुमारे २.६८ मीटर. तरफेच्या हिशेबाने मागच्या ॲक्सलवर ७० नव्हे, सुमारे ९९ किलो येतात, आणि पुढचा ॲक्सल २९ किलोंनी हलका होतो. बॅगा आणि मुलींचे आणखी ५० किलो मागे धरले तर १५० किलो झाले. मागच्या दोन्ही बाजू मिळून मिलिमीटरला ५० न्यूटन इतका कडकपणा मानला, तर शेपूट जवळजवळ ३० मिमी उतरतं. हे मूळ स्प्रिंगांवर. तुमचा खरा आकडा मोजपट्टी सांगेल, माझा फक्त नमुना आहे.

वहिनींच्या रॅम्पचं गणितही यातच बसतं. ऑक्टाव्हियाचं पोट जमिनीपासून १४० मिमी धरा. सपाटीवरून उताराला लागताना जी धार असते ती ओलांडताना गाडी तिच्या मधोमध टेकते. १४० मिमीवर सुमारे १२ अंशांची धार पार होते. ३० मिमी खाली केली तर ९.४ अंश. भरलेल्या गाडीचं शेपूट ३० मिमी उतरलं तर मध्य त्याच्या निम्म्याने, म्हणजे १५ मिमी उतरतो, उरले ९५ मिमी आणि ८.१ अंश. जर्मनीतल्या मध्यम आणि मोठ्या गॅरेजांना साधारणपणे १५ टक्क्यांपर्यंत उतार चालतो, म्हणजे ८.५ अंश. धार गोल न करता तशीच सोडलेली असेल तर गाडी घासली. नव्या स्प्रिंगा कडक असल्याने शेपूट ३० ऐवजी २५ मिमी उतरेल असं धरलं तरी ८.३ वर येता, म्हणजे सुटका नाही. याच हिशेबात १५ मिमी खाली केलेली गाडी भरलेली असताना ११० मिमीवर राहते आणि ९.४ अंश पार करते. छोट्या खासगी गॅरेजांत उतार याहून तीव्र असू शकतो, तेव्हा फोनमधल्या लेव्हलने रॅम्प आणि सपाटी दोन्ही मोजा. आणखी खात्री हवी असेल तर गाडीच्या पोटाच्या प्लास्टिक आच्छादनाला, सायलेन्सरच्या गरम नळीपासून दूर, १५ मिमी आणि ३० मिमी जाडीचे फोमचे तुकडे टेपने चिकटवा आणि भरलेली गाडी सावकाश रॅम्पवरून न्या. कुठला तुकडा खरवडला ते दिसेल. फेरीबोटीच्या फळकुटावरही हीच परीक्षा असते, तिथे मात्र मागे रांग उभी असते.

एवढं झालं की पर्यायांकडे बघा. मला तुमच्यासाठी सर्वांत पटतो तो असा: मूळ उंचीचे किंवा कारखान्याच्या स्पोर्ट सस्पेन्शनचे भाग. या गाडीला कारखान्यातून स्पोर्ट सस्पेन्शन मिळत असे, ते साधारण १५ मिमी खाली. स्प्रिंगा तुमच्या चासी क्रमांकावर आणि ॲक्सलच्या भारावर स्कोडाच्या पार्ट काउंटरवर शोधून घेता येतात, मूळ स्प्रिंगांवर रंगाचे ठिपके असतात ते जुळवून बघा. सोबत नवे शॉकअप. मूळ उंचीवरच राहायचं ठरलं तर बिलस्टाइनचा बी-४ हा मूळ भागाच्या जागी बसणारा, बी-६ मूळ लांबीचा पण कडक. कोनीचा स्पेशल ॲक्टिव्ह हा मला कुटुंबाच्या गाडीला जास्त आवडतो, कारण छोट्या खडबडीवर तो आपोआप सैल पडतो आणि लांब हेलकाव्यावर आवळतो. कारखान्याचे भाग असले तरी आधी टीयूव्ही किंवा डेकराच्या अभियंत्याला फोन करून नोंद कशी होईल ते विचारा.

रॅम्पची परीक्षा ३० मिमीवरही पास झाली आणि सायकली टपावर न्यायला तुम्ही तयार असाल, तर दुसरा पर्याय खुला आहे: खास कॉम्बीसाठी असलेल्या ३० मिमीच्या स्प्रिंगा आणि त्यांच्यासाठी आखूड केलेले शॉकअप. बिलस्टाइनचा बी-८ म्हणजे हाच आखूड शॉकअप, आणि बी-१२ संच म्हणजे बी-८ अधिक आयबाखच्या प्रो-किट स्प्रिंगा, एकाच पेटीत, एकाच कागदपत्रासह. आखूड शॉकअपचा मुद्दा दिसण्याचा नाही. चाक लटकलं की छोटी स्प्रिंग लांब शॉकअपवर बैठकीतून सुटू शकते, आणि तपासणीत गाडी वर उचलल्यावर स्प्रिंग हाताने हलली तर ती नापास. उंची खाली-वर करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच, म्हणजे कॉइलओव्हर, तुम्हाला नकोत. मिठाच्या हिवाळ्यात त्यांचे आटे गंजून बसतात आणि मागच्या ओझ्याला त्यांतले बरेच संच वरच्या ३० मिमीच्या स्प्रिंगांहून वाईट वागतात.

मोठी चाकं लावून जागा भरेल असं वाटत असेल तर तो नाद सोडा. २०५/५५ आर १६ चा बाहेरचा व्यास ६३२ मिमी, २२५/४० आर १८ चा ६३७. मडगार्डखालची जागा तीन मिलिमीटरनेही कमी होत नाही, फक्त टायरची कड पातळ होते आणि खड्डा पाठीला कळतो.

भाग मागवताना दोन गोष्टी मोजून घ्या. पुढचा स्ट्रट ज्या ठिकाणी चाकाच्या नकलमध्ये (चाक धरून ठेवणाऱ्या सांध्यात) शिरतो तिथला व्यास ५० किंवा ५५ मिमी असतो, तो व्हर्नियरने बघा, चुकीचा मागवला तर बसतच नाही. आणि मागचा ॲक्सल. तुमच्या १५० पीएसच्या फ्रंट व्हील ड्राइव्हला मागे आडवा टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी एकच तुळई आहे. १.८ टीएसआय, आरएस आणि फोर बाय फोरला मल्टीलिंक, म्हणजे प्रत्येक चाकाला स्वतंत्र दांडे, त्याचे भाग वेगळे. सोबत पुढच्या स्ट्रटची वरची माउंटिंग आणि बेअरिंग, चारही बंपस्टॉप, धूळ अडवणारे रबरी बूट आणि दोन्ही लिंक रॉड (कल रोखणाऱ्या दांड्याला जोडणारे) नव्याने मागवा. लिंक रॉडचा नट या किलोमीटरला गंजून असा अडकतो की आतला बिट घसरतो आणि शेवटी नट कापावा लागतो. शनिवारी दुपारी दुकानं बंद झाल्यावर हे कळलं तर गाडी सोमवारपर्यंत जॅकवर.

काम गॅरेजला द्या असंच मी सुचवेन, पण काय होतं ते माहीत असू द्या. पुढे स्ट्रट काढायला नकलची फट पसरवणारं हत्यार लागतं, हातोडा मारून काढला तर नकल खराब होते. स्प्रिंग दाबून बांधायचा कंप्रेसर चांगल्या प्रतीचा हवा, त्यातून सुटलेली स्प्रिंग माणूस जायबंदी करते. स्प्रिंगचं टोक बैठकीच्या खाचेला टेकलंच पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग वळवताना ‘टण्’ आवाज येत राहतो. मागे बीम सोडताना एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज आधी मोकळे करा, बीम त्यांवर लटकू देऊ नका. बंपस्टॉप कापायचा असेल तर स्प्रिंगच्या कागदात लिहिलंय तेवढाच, काढून टाकायचा तर कधीच नाही.

आणि एक चूक, जी चांगली गॅरेजंही करतात. शॉकअपच्या खालच्या बुशचे (रबरी सांध्याचे) आणि पुढच्या खालच्या आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली असतानाच घट्ट करायचे नसतात. या बुशमधलं रबर दोन्ही बाजूंना चिकटवलेलं असतं. लटकलेल्या अवस्थेत आवळलं की गाडी खाली ठेवल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं, गाडी काही मिलिमीटर उंच बसते आणि वर्ष-दोन वर्षांत बुश फाटतो. म्हणून बोल्ट हलके लावा, चाकावर वजन घ्या आणि मग आवळा. मागच्या बीमच्या पुढच्या बुशचे बोल्टही नव्या उंचीवर एकदा सैल करून आवळून घ्या. जे बोल्ट आवळताना ताणले जातात, त्यांना मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरनंतर अंशांचा आकडा असतो, ते पुन्हा वापरायचे नाहीत.

नंतर गाडी थोडी फिरवून चाकांचं अलाइनमेंट. पुढे टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, जुळवता येतो. मागच्या टॉर्शन बीमवर जुळवायला फारसं काही नसतं, पण मोजून घ्या, कारण बीम वाकलेला असेल तर आत्ताच कळेल. झेनॉन दिवे असतील तर त्यांच्या उंचीच्या सेन्सरचं मूळ स्थान डायग्नोसिस यंत्रावर नव्याने शिकवावं लागतं, नाहीतर प्रकाश जवळ पडतो किंवा समोरच्याच्या डोळ्यात जातो. लेन असिस्टचा कॅमेरा असेल तर त्याचंही कॅलिब्रेशन विचारा. मग लगेच टीयूव्ही, डेकरा, जीटीयू यांपैकी कुठेही बदलाची नोंदणी-तपासणी करून घ्या. चाकं-टायर मूळचे नसतील तर त्यांचे कागदही न्या, कारण खाली केलेली गाडी आणि वेगळी चाकं ही जोडी एकत्र तपासली जाते. ही तपासणी राहिली तर गाडीचा परवानाच संपुष्टात येऊ शकतो आणि अपघातात विमा कंपनीशी झगडा होतो. दोन-तीनशे किलोमीटर चालवल्यावर चारही कोपरे पुन्हा मोजा.

ज्यांच्या गाडीला मागे आपोआप उंची सावरणारी व्यवस्था आहे त्यांनी इथलं वाचून थेट स्प्रिंगा मागवू नयेत. जुन्या व्होल्व्हो व्ही ७० मध्ये घेता येणाऱ्या निव्होमॅट शॉकअपवर वजनाचा काही भाग शॉकअपच पेलतो, म्हणून तिथली स्प्रिंग मऊ असते. साधा शॉकअप लावला की गाडी बसते. आणि पुण्या-नाशिकहून वाचणाऱ्यांसाठी: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल अडवतं, आणि आपले गतिरोधक त्याहून कडक आहेत. तिथे नवे शॉकअप, नवी माउंटिंग, नवे बुश आणि मूळ उंची, एवढंच करा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यातून निघालेल्या जुन्या ऑक्टाव्हियांना त्यानेच पुन्हा जीव येतो.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: हवा, शॉकअपची चाचणी, भरून मोजणं, फोमचे तुकडे, आणि मग मागणी. रॅम्पवर वहिनींना बाहेर उभं करा, घासल्याचा आवाज आतल्यापेक्षा बाहेर नीट येतो. आणि त्या ९० युरोंच्या स्प्रिंगा परत विकाल तेव्हा जाहिरातीत २.० टीडीआय, लिफ्टबॅक आणि वेढ्यावरचा क्रमांक लिहायला विसरू नका.